स्मरणरंजनाची घडण : डिस्नेचे व्यंगचित्रपट, डिस्नेलँड आणि कोनी आयलंड

१

बालपणी पाहिलेल्या व्यंगचित्रपटाची आणि बालपणी हिंडलेल्या करमणूक-उद्यानाची ओढ ही मनुष्यस्वभावातील एक निरागस वृत्ती होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ज्या वस्तूंशी बालपण निगडित असते त्या पुढे प्रिय वाटतात, एवढ्याने या ओढीचा उलगडा होतो असे मानले जाते. परंतु या समजुतीने एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील मुलांनी शेकडो व्यंगचित्रपट पाहिले आणि गावोगावची करमणूक-उद्याने पालथी घातली. त्यांपैकी थोड्यांचीच आठवण टिकली. इतकेच नव्हे, तर ज्यांनी ती मूळ रूपात कधी पाहिलीच नव्हती अशा पिढ्यांमध्येही ती पसरली. बाकीची नामशेष झाली. हा फरक केवळ गुणवत्तेचा आहे, की त्यामागे आणखी काही कारण आहे, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात घडविला. ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने परमुलखात राहणाऱ्या स्विस लोकांना जडणाऱ्या एका व्याधीला हे नाव दिले. या व्याधीवर रामबाण उपाय होता, तो म्हणजे रुग्णास घरी पाठविणे. पुढे या शब्दाचा विषय स्थळाकडून काळाकडे सरकला आणि तो उपाय संपला. कारण गेलेल्या काळाकडे परत जाण्यास रस्ता नाही. मराठीत या भावनेला ‘स्मरणरंजन’ हा शब्द रूढ झाला आहे. त्यात वेदनेचा अंश नाही, हे खरे; तथापि एका दृष्टीने तो मूळ शब्दापेक्षा अधिक नेमका आहे. ‘रंजन’ म्हणजे सुखविणे, तसेच रंगविणे. स्मरण सुखद व्हावयाचे तर ते कोणीतरी रंगवावे लागते, हा अर्थ मराठी शब्दाच्या पोटातच आहे.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, जुन्या व्यंगचित्रपटांचे आणि उद्यानांचे स्मरणरंजन हे आपोआप उगवत नाही, ते घडविले जाते. त्याच्या घडणीत तीन क्रिया आढळतात : ठराविक अंतराने पुनःप्रदर्शन, भूतकाळाची लहान मापाने केलेली पुनर्रचना, आणि या दोहोंच्या आड चालणारी काटछाट. वॉल्ट डिस्नेच्या संस्थेच्या इतिहासात या तिन्ही क्रिया स्पष्ट दिसतात. त्यांचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी प्रथम अशा एका स्थळाकडे पाहिले पाहिजे की, जेथे त्या घडल्या नाहीत.

२

न्यूयॉर्क शहराच्या दक्षिण टोकाला असलेला कोनी आयलंड हा समुद्रकिनारा विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन करमणुकीची राजधानी होता. तेथे १८९७ मध्ये जॉर्ज टिल्यू याने स्टीपलचेस पार्क उघडले, १९०३ मध्ये टॉम्प्सन आणि डंडी या जोडीने लूना पार्क उभारले, आणि १९०४ मध्ये ड्रीमलँड सुरू झाले. लूना पार्कच्या मनोऱ्यांवर लक्षावधी विजेचे दिवे लावलेले होते. ज्या काळात बहुसंख्य घरांत वीज पोहोचली नव्हती त्या काळात रात्रीच्या अंधारात उजळलेले हे नगर पाहणे हीच एक करमणूक होती. १९२० मध्ये शहराची भुयारी रेल्वे तेथपर्यंत थेट जाऊ लागली आणि पाच सेंटच्या भाड्यात कापडाच्या गिरणीतील कामगार, नुकतेच बोटीतून उतरलेले इटालियन व ज्यू स्थलांतरित, कचेरीतील टंकलेखिका असा सर्व समाज तेथे लोटू लागला.

या उद्यानांचे एक वैशिष्ट्य अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगे आहे. ती सर्वस्वी वर्तमानकाळात जगत होती. चंद्रावरील सफर, आगीशी झुंज देणारे अग्निशामक, १९०० साली गॅल्व्हेस्टन शहराचा विध्वंस करणारा जलप्रलय, हे तेथील खेळांचे विषय होते. काल जे वृत्तपत्रात छापून आले ते आज तेथे दाखविले जाई, आणि पुढल्या हंगामात ते मोडून नवे उभारले जाई. नावीन्य हाच त्यांचा धर्म होता. १९०७ मध्ये स्टीपलचेस जळाले तेव्हा टिल्यूने दुसऱ्याच दिवशी धुमसते अवशेष पाहण्यासाठी दहा सेंट प्रवेशमूल्य लावले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. आपला स्वतःचा नाशही ज्यांनी ताज्या बातमीसारखा विकला, त्यांना जतन करण्याची बुद्धी होणे शक्य नव्हते.

ड्रीमलँड २७ मे १९११ रोजी जळून खाक झाले आणि पुन्हा उभे राहिले नाही. लूना पार्क १९४४च्या आगीनंतर संपले. स्टीपलचेस १९६४ मध्ये बंद पडले आणि दोन वर्षांनी त्याचा काचेचा प्रशस्त मंडपही पाडण्यात आला. ज्यांनी ही उद्याने प्रत्यक्ष पाहिली होती त्यांची संख्या अफाट होती. त्यांच्या आठवणीही उत्कट होत्या. परंतु त्या आठवणी ज्याच्या त्याच्यापाशी राहिल्या. आजोबांनी नातवास ‘तेथे असे असे होते’ म्हणून सांगावे, एवढेच शक्य होते. त्यास तेथे नेता येत नव्हते. १९२७चा ‘सायक्लोन’ नावाचा लाकडी रोलरकोस्टर आणि १९२०चा ‘वंडर व्हील’ हा आकाशपाळणा तेवढे तगले, व त्यांना अनुक्रमे १९८८ व १९८९ मध्ये शहराने वारसावास्तूंचा दर्जा दिला. कोनी आयलंडवर ‘लूना पार्क’ हे नाव पुन्हा लागले ते २०१० मध्ये, म्हणजे मूळ उद्यान संपल्यानंतर सासष्ट वर्षांनी.

३

आता याच्या उलट उदाहरण पाहावे. वॉल्ट डिस्नेचा ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स’ हा पूर्ण लांबीचा रंगीत व्यंगचित्रपट २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिस येथील कार्थे सर्कल नाट्यगृहात प्रथम दाखविला गेला. त्याचा खर्च सुमारे पंधरा लाख डॉलर झाला होता. मराठीत ‘व्यंगचित्रपट’ हे नाव या प्रकाराला थोडे अपुरे पडते, कारण येथे व्यंगापेक्षा चित्रातून भावना जागविण्याचा उद्देश प्रधान होता. चित्राचे थर एकाखाली एक काही अंतराने मांडून वरून छायाचित्रण करणारा बहुस्तर कॅमेरा डिस्नेच्या चित्रशाळेने त्याच वर्षी ‘द ओल्ड मिल’ या लघुपटात वापरून पाहिला होता. त्यामुळे रानातील झाडांना खोली आली. चित्रपटाला अपूर्व यश मिळाले, आणि त्याच्या कमाईवर बरबँक येथे नवी चित्रशाळा बांधली गेली.

त्यानंतरच्या काळाचा इतिहास मात्र यशाचा नाही. १९४० मध्ये प्रदर्शित झालेले ‘पिनोकियो’ आणि ‘फँटेझिया’ हे दोन्ही महागडे चित्रपट तोट्यात गेले, कारण महायुद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाली होती. १९४२च्या ‘बॅम्बी’नेही पहिल्या प्रदर्शनात खर्च भरून काढला नाही. बँकेचे कर्ज वाढले. अशा अवस्थेत १९४४ मध्ये, नवा मोठा चित्रपट हाती नसताना, संस्थेने सहा वर्षांपूर्वीचा ‘स्नो व्हाइट’ पुन्हा चित्रपटगृहांत आणला. नवी निर्मिती न करता पैसा उभा राहिला. पुढे ज्याला स्मरणरंजन म्हटले गेले त्याचा उगम पाहावयाचा तर तो येथे, या हिशेबाच्या वहीत आहे.

एकदाच्या अडचणीतून निघालेली ही युक्ती लवकरच रीत बनली. ‘स्नो व्हाइट’ १९५२, १९५८, १९६७, १९७५, १९८३, १९८७ आणि १९९३ या वर्षी पुन्हा प्रदर्शित झाला. ‘पिनोकियो’ १९४५, १९५४, १९६२, १९७१ असा, तर ‘बॅम्बी’ १९४७, १९५७, १९६६, १९७५ असा परत परत येत राहिला. मधल्या वर्षांत हे चित्रपट पाहावयास मिळत नसत. सात-आठ वर्षांचे हे अंतर मोठे हिशेबी होते : तेवढ्या अवधीत बालप्रेक्षकांची एक नवी पिढी तयार होई आणि जुन्या पिढीची आठवण पुसटही होत नसे. १९३८ साली दहा वर्षांची असलेली मुलगी १९५८ साली तीस वर्षांची माता होती. ती आपल्या मुलास त्याच चित्रपटाला घेऊन जाई. मूल तो प्रथम पाही, माता तो दुसऱ्यांदा पाही. आणि मुलाच्या प्रथमदर्शनाचा आनंद पाहणे हाच मातेच्या दुसऱ्या दर्शनातील खरा आनंद असे. अशा रीतीने एका व्यक्तीची आठवण दुसऱ्या व्यक्तीचा अनुभव झाली. कोनी आयलंडच्या आजोबांना जे साधले नाही ते येथे साधले.

गुणवत्तेमुळेच हे चित्रपट टिकले, असा आक्षेप येथे घेता येईल. गुणवत्ता नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती एकटी पुरेशी नसते, हे दोन उदाहरणांवरून दिसते. पहिले ‘फँटेझिया’चे. १९४० साली ज्या चित्रपटाने तोटा सोसला, तोच १९६९च्या पुनःप्रदर्शनात तरुण प्रेक्षकांनी उचलून धरला. दरम्यान तो १९४६, १९५६ आणि १९६३ या वर्षी दाखविला गेला नसता तर ही संधी त्यास मिळाली नसती. दुसरे उदाहरण मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर या बंधूंचे. बेटी बूप आणि पॉपाय यांना पडद्यावर आणणाऱ्या या प्रतिभावान चित्रशाळेने १९३९ मध्ये ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट काढला. परंतु लवकरच ती चित्रशाळा बंधूंच्या हातून गेली आणि या चित्रपटाचे स्वामित्वहक्कही पुढे संपुष्टात आले. तो सर्वांचा झाला, आणि म्हणून त्याचे पुनरागमन ही कोणाचीच जबाबदारी राहिली नाही. आज तो अभ्यासकांना ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या घरगुती आठवणीत तो नाही.

४

पुनःप्रदर्शनाने काळाची पुनरावृत्ती साधली. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे उघडलेल्या डिस्नेलँडने काळाला स्थळाचे रूप दिले. संत्र्यांच्या बागा तोडून मिळविलेल्या १६० एकर जमिनीवर, सुमारे एक कोटी सत्तर लाख डॉलर खर्चून, जेमतेम एका वर्षात हे उद्यान उभे राहिले. भांडवलाचा काही भाग एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने पुरविला. त्या मोबदल्यात डिस्नेने तिला ‘डिस्नेलँड’ याच नावाचा साप्ताहिक कार्यक्रम दिला, आणि तो २७ ऑक्टोबर १९५४ रोजी सुरू झाला. म्हणजे उद्यान उघडण्यापूर्वी नऊ महिने घरोघरची मुले त्याचे नाव, नकाशा आणि विभाग जाणत होती. प्रेक्षक तेथे प्रथमच गेले तेही ओळखीच्या ठिकाणी गेल्यासारखे. दोन महिन्यांच्या आत दहा लाख लोकांनी त्याला भेट दिली.

उद्यानात शिरणाऱ्या प्रत्येकास ‘मेन स्ट्रीट, यूएसए’ या रस्त्यावरूनच जावे लागे. हा रस्ता १९००च्या आसपासच्या एका लहान अमेरिकन गावाचा होता : घोड्यांची ट्राम, गॅसचे दिवे, नगरभवन, आगगाडीचे स्थानक. त्याचे मूळ डिस्नेच्या बालपणात शोधले जाते. १९०१ मध्ये शिकागोत जन्मलेला डिस्ने १९०६ पासून सुमारे पाच वर्षे मिसूरी राज्यातील मार्सलीन या, सांता फे रेल्वेवरील लहान गावी राहिला होता. आणि डिस्नेलँडला वळसा घालणाऱ्या छोट्या आगगाडीलाही आरंभी सांता फे रेल्वेचेच नाव होते. परंतु मार्सलीन हे एकच मूळ नव्हे. हार्पर गॉफ या कलादिग्दर्शकाने आपल्या बालपणीचे कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स हे गाव त्यात मिसळले. हेन्री फोर्डने मिशिगनमध्ये जुनी घरे हलवून वसविलेले ग्रीनफील्ड व्हिलेज डिस्नेने १९४८ मध्ये पाहिले होते, आणि त्याच वर्षी त्याने उद्यानाच्या कल्पनेचे पहिले टिपण लिहिले. कोपनहेगनमधील, १८४३ पासून चाललेले टिवोली उद्यानही त्याच्या नजरेखालून गेले होते. तेथील स्वच्छता आणि बागशाही त्याला भावली. कोनी आयलंडची गजबज मात्र त्यास नको होती.

या रस्त्याच्या बांधणीत एक युक्ती आहे. इमारतींचे तळमजले जवळजवळ पूर्ण मापाचे, तर वरचे मजले उत्तरोत्तर लहान मापाचे आहेत. चित्रपटाच्या नेपथ्यात खोलीचा व उंचीचा आभास निर्माण करण्यासाठी हे तंत्र वापरीत असत. येथे त्याचा परिणाम निराळा झाला. बालपणी मोठे वाटलेले घर प्रौढपणी लहान दिसते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. या रस्त्यात प्रौढ माणसास सर्व काही प्रथमपासूनच तसे जिव्हाळ्याचे व आटोपशीर दिसते. ज्याचे बालपण अशा गावात गेलेच नाही त्यालाही आपण परत आल्याचा भास होतो. शिवाय १९५५ साली दहा वर्षांच्या असलेल्या मुलास १९०० सालाची आठवण असणे शक्यच नव्हते. आजोबांच्या पिढीचे स्मरणरंजन नातवास त्याचे स्वतःचे बालपण म्हणून देण्यात आले. उद्यान उघडण्याच्या काही आठवडे आधी प्रदर्शित झालेल्या ‘लेडी अँड द ट्रॅम्प’ या चित्रपटातील गावही त्याच काळातले, त्याच धर्तीच्या घरांचे होते. चित्र आणि वास्तू एकमेकांना साक्ष देत होती.

या संदर्भात दोन बारकावे नोंदण्यासारखे आहेत. उद्यानाच्या मध्यभागी उभारलेल्या किल्ल्याला ‘स्लीपिंग ब्यूटी’चे नाव दिले गेले, परंतु तो चित्रपट प्रदर्शित झाला १९५९ मध्ये. म्हणजे चार वर्षेपर्यंत लोक न पाहिलेल्या चित्रपटाच्या किल्ल्यापुढे छायाचित्रे काढीत होते, आणि चित्रपट आला तेव्हा त्याची आठवण त्यांच्या संग्रही आधीच होती. दुसरा बारकावा ‘स्नो व्हाइट’वरील सफरीचा. १९५५ साली तिच्यात स्नो व्हाइट दिसतच नसे, कारण गाडीत बसलेला प्रेक्षक हाच स्नो व्हाइट, अशी योजना होती. प्रेक्षकांना ती उमगली नाही, आणि १९८३च्या नूतनीकरणात नायिकेची आकृती बसविण्यात आली. योजना फसली, तरी तिचा हेतू बोलका आहे : चित्रपटाची आठवण ही पाहिलेली गोष्ट न राहता स्वतःवर गुदरलेली गोष्ट व्हावी.

याच उद्यानातील ‘टुमॉरोलँड’ हा विभाग भविष्यकाळाचा, म्हणजे १९८६ सालाचा म्हणून कल्पिला होता. १९५७ मध्ये तेथे उभारलेले प्लॅस्टिकचे ‘भविष्यातील घर’ १९६७ मध्ये पाडले गेले, आणि तो सारा विभागच त्या वर्षी नव्याने बांधण्यात आला. भूतकाळाचा रस्ता जसाच्या तसा राहिला, भविष्यकाळ मात्र बारा वर्षांत जुना झाला. पुढे तर त्या जुन्या भविष्याचीही ओढ लागली; १९९८च्या पुनर्रचनेत भविष्य कसे असेल यापेक्षा पूर्वीच्या लोकांनी ते कसे कल्पिले होते, हेच मांडण्यात आले. आज जे लोक १९५५ सालच्या डिस्नेलँडसाठी हळहळतात, त्यांचे स्मरणरंजन हे एका स्मरणरंजनाचे स्मरणरंजन आहे.

५

आतापर्यंत जे राखले गेले त्याचा विचार झाला. इतिहासाच्या अभ्यासकास जे गाळले गेले त्याचा विचार अधिक आवश्यक आहे.

मार्सलीनचे बालपण रम्य होते, पण ते अकाली संपले. डिस्नेच्या वडिलांची शेती चालली नाही. आजारपणानंतर ती विकून कुटुंब १९११ मध्ये कॅन्सस सिटीला गेले, आणि तेथे वडिलांनी घेतलेल्या वृत्तपत्र-वाटपाच्या ठेक्यावर वॉल्टने पुढील सहा वर्षे पहाटे उठून, हिमवर्षावातही, घरोघर वृत्तपत्रे टाकली. मेन स्ट्रीटवर या पहाटेला जागा नाही. तेथे शेत गमावलेला शेतकरी नाही, दारूचा गुत्ता नाही, स्थलांतरितांची दाटीची वस्ती नाही. १९०० सालच्या अमेरिकेतून १९०० सालचे कष्ट वजा केले की जे उरते तो हा रस्ता.

चित्रपटांच्या बाबतीतही असेच घडले. ज्या चित्रशाळेतून ‘डंबो’ निर्माण झाला तिथल्या चित्रकारांनी २९ मे १९४१ रोजी संप पुकारला. पगारातील विषमता, श्रेयनामावलीत नावे न येणे आणि संघटनेच्या मान्यतेचा प्रश्न ही त्याची कारणे होती. आर्ट बॅबिट यांच्यासारखे अग्रगण्य कलावंत संपात होते. संप मिटला, संघटनेस मान्यता मिळाली, पण चित्रशाळेतील जुने कौटुंबिक वातावरण परतले नाही. संपकऱ्यांपैकी काहींनी पुढे यूपीए ही वेगळ्या शैलीची चित्रशाळा गाजविली. ‘डंबो’मध्ये मालकाकडे पगारवाढ मागावयास निघालेले विदूषक हे संपकऱ्यांचे विडंबन होय, असे सामान्यतः मानले जाते. शाई-रंग विभागातील स्त्रियांनी तर पारदर्शक पत्र्यांवर लक्षावधी चित्रे हाताने गिरवून रंगविली, परंतु त्यांची नावे पडद्यावर आली नाहीत. १९६१च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’मध्ये पेन्सिलीची रेघ झेरॉक्स पद्धतीने थेट पत्र्यावर उमटविण्यात आली आणि हातशाईचे हे काम संपत आले. आज ‘हाताने काढलेल्या’ चित्रपटांविषयी जे हळवेपण व्यक्त होते, त्यात त्या हातांची विचारपूस क्वचितच असते.

काही गाळणी याहून गंभीर आहे. ‘फँटेझिया’त गौरवर्णी अश्वकन्यांचे खूर साफ करणारी एक कृष्णवर्णी आकृती होती. १९६०च्या दशकात ती पुनःप्रदर्शनाच्या प्रतींतून कापण्यात आली. अपमानकारक चित्र मुलांपुढे ठेवू नये, हा विचार योग्यच होता. परंतु त्याचा दुसरा परिणाम असा झाला की, १९४० साली ते चित्र कोणास अपमानकारक वाटले नव्हते, हा पुरावाही सामान्य प्रेक्षकाच्या दृष्टीआड गेला. १९४६च्या ‘साँग ऑफ द साउथ’ची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. दक्षिणेतील मळ्यावरच्या जीवनाचे जे गोड चित्र त्यात रंगविले होते त्यावर कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेचे वॉल्टर व्हाइट यांनी तत्काळ आक्षेप घेतला. त्यातील प्रमुख नट जेम्स बॅस्केट यांना १९४८ मध्ये विशेष ऑस्कर मिळाले. परंतु वर्णभेदाच्या नियमांमुळे अटलांटातील पहिल्या खेळाला ते उपस्थित राहू शकले नव्हते. हा चित्रपट १९५६, १९७२, १९८० आणि १९८६ मध्ये पुन्हा दाखविला गेला आणि नंतर अमेरिकेत तो घरी पाहण्यासाठी कधीच विक्रीस आला नाही. तथापि त्यातील प्राणी आणि संगीत घेऊन १९८९ मध्ये डिस्नेलँडमध्ये ‘स्प्लॅश माउंटन’ ही जलसफर उभी राहिली. चित्रपट न पाहिलेल्या दोन पिढ्यांचे बालपण त्या सफरीशी जोडले गेले. २०२३ मध्ये ती बंद झाली आणि २०२४ मध्ये तिच्या जागी टियाना या कृष्णवर्णी राजकन्येची सफर सुरू झाली. त्या वेळी अनेकांनी जी हळहळ व्यक्त केली ती खोटी नव्हती; पण ज्या गोष्टीचे मूळच दडविलेले होते तिच्याविषयी ती होती. मूळ लपविले गेल्यामुळे आक्षेप घेणारा आणि हळहळणारा हे दोघे एकाच वस्तूविषयी बोलत आहेत, हेच त्यांना कळेनासे झाले.

६

हे विवेचन केवळ अमेरिकेपुरते आणि केवळ व्यापारापुरते आहे काय, हे पाहण्यासाठी भारतातील एक उदाहरण उपयोगी पडेल. भारतात चित्रांना हालचाल देण्याचा प्रयत्न दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्येच ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात केला होता. पुढे १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगचित्रपटांचा विभाग आकारास आला, तेव्हा तेथील कलावंतांना शिकविण्यासाठी क्लेअर वीक्स हे आले. भारतातच जन्मलेल्या वीक्स यांनी डिस्नेच्या चित्रशाळेत ‘स्नो व्हाइट’, ‘बॅम्बी’ आदी चित्रपटांवर काम केले होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली जातककथेवर आधारलेला ‘द बनियन डिअर’ हा लघुपट १९५७ मध्ये तयार झाला, आणि राम मोहन यांच्यासारखे कलावंत याच विभागात घडले. तेव्हा कौशल्याची परंपरा तीच होती. तरीही ‘द बनियन डिअर’ भारतीयांच्या घरगुती आठवणीत नाही. उलट त्याच संस्थेने १९७४ मध्ये काढलेला, विजया मुळे दिग्दर्शित आणि भीमसेन यांच्या चित्रांनी सजलेला ‘एक अनेक और एकता’ हा अवघ्या काही मिनिटांचा लघुपट आज प्रौढ झालेल्या पिढीस तोंडपाठ आहे. या फरकाचे कारण दूरदर्शन होय. तो लघुपट वर्षानुवर्षे, पुनःपुन्हा, एकाच वेळी देशभर दाखविला गेला. येथे व्यापाऱ्याच्या जागी शासन आणि तिकिटाच्या जागी राष्ट्रीय एकात्मतेचा हेतू होता. पुनःप्रदर्शनाचा नियम मात्र तोच राहिला.

७

स्मरणरंजन आणि इतिहास यांचा प्रत्यक्ष सामना एकदा झाला आहे. नोव्हेंबर १९९३ मध्ये डिस्ने कंपनीने व्हर्जिनिया राज्यात, यादवी युद्धातील मनॅसासच्या रणभूमीपासून जवळच, अमेरिकेच्या इतिहासावर आधारलेले ‘डिझ्नीज अमेरिका’ हे उद्यान उभारण्याची घोषणा केली. गुलामगिरी आणि युद्ध यांचेही दर्शन तेथे घडणार होते. डेव्हिड मॅककुलो, जेम्स मॅकफर्सन, सी. व्हॅन वुडवर्ड यांच्यासह अनेक इतिहासकारांनी त्यास विरोध केला. रणभूमीच्या परिसराचे रक्षण हा त्यांचा एक मुद्दा होता. खऱ्या स्थळाशेजारी त्याची सुखद प्रतिकृती उभी राहिली तर लोक प्रतिकृतीलाच स्थळ मानतील, ही भीती त्यामागे होती. सप्टेंबर १९९४ मध्ये कंपनीने ती जागा सोडली. या वादात इतिहासकारांचा जय झाला असे म्हणता येईल, परंतु त्यातून एक कबुलीही निघते. प्रतिकृती इतकी समर्थ असते की, विद्वानांनाही तिच्याशी स्पर्धा करण्यापेक्षा तिला दूर ठेवणे सोपे वाटले.

दूर ठेवण्याचा हा मार्ग अभ्यासकास नेहमी उपलब्ध नसतो. लोक ज्या गोष्टीवर प्रेम करतात ती गोष्ट हा पुरावाच असतो; मात्र तो ज्या काळाचा वाटतो त्या काळाचा नसतो. मेन स्ट्रीटवरून १९०० सालाविषयी फारसे काही कळत नाही, १९५५ सालाविषयी पुष्कळ कळते. महायुद्ध आणि मंदी सोसलेल्या, मोटारीने उपनगरांत विखुरलेल्या समाजाला पायी चालण्याजोगा एक रस्ता आणि ओळखीचा शेजार हवासा वाटत होता, याची ती साक्ष आहे. त्याचप्रमाणे आज १९५५च्या उद्यानासाठी किंवा १९३७च्या चित्रपटासाठी व्यक्त होणारी ओढ ही आजच्या अभावांची साक्ष होय. हा पुरावा वाचताना तीन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे : ही वस्तू पुनःपुन्हा कोणी समोर आणली, तिचे माप कोणी बदलले, आणि तिच्यातून काय काढून टाकले.

या प्रश्नांना आता नवे निमित्त मिळाले आहे. १९२८च्या ‘स्टीमबोट विली’ या मिकी माऊसच्या लघुपटावरील अमेरिकन स्वामित्वहक्क १ जानेवारी २०२४ रोजी संपला. सुमारे पाऊण शतक पुनःप्रदर्शनाची किल्ली एकाच संस्थेच्या हाती होती. त्या संग्रहातील एकेक वस्तू यापुढे सर्वांच्या स्वाधीन होत जाईल. त्यांचे ‘गलिव्हर’सारखे बेवारस विस्मरण होते, की काटछाट न केलेल्या मूळ प्रती, त्या हाताने रंगविणाऱ्या स्त्रियांच्या नावांनिशी, अभ्यासकांच्या व सामान्य प्रेक्षकांच्या समोर येतात, हे ग्रंथालये, चित्रपटसंग्रहालये आणि विद्यापीठे कोणती जबाबदारी पत्करतात यावर अवलंबून राहील. आठवणीला रंग देण्याचे काम आजवर करमणुकीच्या धंद्याने केले. त्या रंगाखालची रेघ कोणाची होती, हे सांगण्याचे काम इतिहासाचे आहे.